कागदावरचा उकंडा

आमच्या घरमालकांना एक वाईट खोड होती. माणूस नवा दिसला की आधी नाव विचारायचं, आणि नाव कळलं की त्या नावाची आणखी किती माणसं पंचक्रोशीत आहेत ते त्याच्या तोंडावर मोजून दाखवायचं. माझी तेरच्या बाजूला बदली झाली आणि मी खोली बघायला त्यांच्या दारात उभी राहिले, तेव्हा पाणी कधी येतं, लाईट किती जाते, यातलं काही निघालंच नाही. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी विचारलं, "नाव काय बाई तुमचं?" मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, बोटांच्या पेरांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "अकरा हायेत. दोन वारल्या. नऊ बाकी. चांगलंय. ऱ्हावा."

मला वाटलं, म्हातारा चळलाय. पण खोल्या हवेशीर होत्या, शाळेच्या गावाला जाणारी एसटी जवळच थांबत होती आणि काकू, म्हणजे त्यांच्या बायको, पहिल्याच दिवशी गरम भाकरी आणि ठेचा घेऊन आल्या. म्हटलं, चळला तर चळला. आपल्याला काय त्याच्याशी सोयरीक करायचीय?

त्यांना सगळं गाव आप्पा म्हणायचं. रिटायर ग्रामसेवक. तीस वर्षं या गावातून त्या गावात बदल्या होत त्यांनी दोन रजिस्टरं सांभाळली होती, एक जन्माचं आणि एक मृत्यूचं. नोकरी सुटून वीस वर्षं झाली तरी खिशात दोन पेनं असायची. निळ्यानं जन्म लिहायचा, काळ्यानं मृत्यू. हा त्यांचा स्वतःचा नियम. सरकारनं असं कधी सांगितलेलं नव्हतं. एकदा मी घाईत शाळेला निघाले होते, पोषण आहाराच्या वहीत नावं लिहायची राहिलेली. ओसरीवर खुंटीला त्यांचा शर्ट होता, त्यातलं हाताला लागलं ते पेन उचललं. नेमकं काळं निघालं. म्हातारा अशी झडप घालून उठला की माझ्या हातातली वही खाली पडली. "त्यानं जित्या माणसाचं नाव लिवायचं न्हाय!" ओरडले, आणि पेन माझ्या हातातून काढून घेतलं. मी चिडले, चिडणारच. एका पेनासाठी कुणी असं अंगावर येतं का? पण दिवसभर शाळेत माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. फळ्यावर पोरांची नावं लिहितानासुद्धा खडू पांढराच आहे ना, हे मी दोनदा बघितलं.

त्यांचं म्हणणं असं होतं की गावात एका नावाचे निदान दोघं तरी पाहिजेत. "न्यायला येतो त्यो काय आपल्याला तोंडानं वळखत न्हाय बाई. त्याच्याकडं यादी असती. म्या तीस वर्सं यादी लिवली, मला ठावं हाय. चार गणपत असले की घोळ होतो. ह्या गणपतच्या जागी त्यो गणपत. त्या घोळात माणूस दोन-चार वर्सं जास्तीची काढतो. आन नाव एकटंच असलं तर? सरळ घर गाठतो."

"मग गणपत मरतच नाहीत का आप्पा?"

"मरत्यात की. पर उशिरा."

यावर मी पोट धरून हसले होते. तेव्हा हसू येत होतं.

पहिल्या हाकेला ते ओ देत नसत. काकूंना तीनदा हाक मारायला लागायची, "अहो, जेवायला चला," "अहो चला की," आणि तिसऱ्यांदा आवाज चढला की मग आतून "आलो". दार वाजलं तरी तेच. पोस्टमन बिचारा दोनदा वाजवून निघून जायचा आणि मग आप्पा त्याच्यामागं चौकापर्यंत पळायचे. दिवेलागणीला तर कुणालाच नावानं हाक मारायची नाही, असा घरात दंडकच होता. भाडेकरू असले तरी तो मलाही लागू. लग्नाची पत्रिका आली की खाली बारक्या पोरांची नावं छापलेली असतात ना, आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं म्हणून, तेवढा तुकडा आप्पा कात्रीनं कापून काढायचे आणि नदीला सोडून यायचे. चौकात वाढदिवसाचे बॅनर लागायला लागले तेव्हा त्यांनी तो रस्ताच सोडला. तीन वर्षांचं पोर, गॉगल लावलेलं, खाली हातभर अक्षरात नाव, आणि नाव असं की सात जन्मांत कुणी ऐकलेलं नाही. "चौकात टांगलंय लेकराला," म्हणायचे. "बघा म्हणावं, हितं हाय, घेऊन जा." मलाही एकदा सांगून झालं, शाळेत हजेरी नावानं घेऊ नका, नंबरानं घ्या. मी म्हटलं, आप्पा, केंद्रप्रमुख मला घरी बसवतील. "बसवू द्या," म्हणाले. "लेकरं तरी ऱ्हातील."

हे सगळं मी सुट्टीत आमच्या ह्यांना नकला करून दाखवायचे. हे उमरग्याला, हायवेवर ट्रकच्या स्पेअर पार्टच्या दुकानात कामाला. शनिवारी रात्री यायचे, सोमवारी पहाटे जायचे. आम्ही दोघं हसायचो. हसण्याची गरजच होती आम्हाला. माझी दोन गेली होती. पहिलं सातव्या महिन्यात पोटातच. दुसरं नऊ दिवस जगलं. बाराव्याला नाव ठेवायचं म्हणून पाळणा आणून ठेवला होता, तो तसाच परत पाठवला.

तिसऱ्या वेळेला दिवस राहिले ते मी आधी कुणालाच सांगितलं नाही. भीती वाटायची. उठताना भीती, पायरी उतरताना भीती, एसटी खड्ड्यात आदळली की पोटावर दोन्ही हात. मग एक चाळा लागला, मोबाईलवर नावं बघायचा. अर्थ काय, उगम कुठला, किती लोकप्रिय, सगळं लिहिलेलं असतं. माझ्या वर्गात तीन स्वराज आणि चार आराध्या होत्या. मला माझ्या पोराला असं नाव हवं होतं जे धाराशिव जिल्ह्यात दुसऱ्या कुणाचंच नसेल. आधीच्या दोघांना नावच मिळालं नाही, याला तरी मिळू दे, आणि असं मिळू दे की कुणाचं उष्टं नसेल. एक सापडलं. इषिर. अर्थ अग्नी, उगम संस्कृत, लोकप्रियता अगदी कमी. मी वहीत लिहून ठेवलं आणि कसं कोण जाणे, सातव्या महिन्यात एका दुपारी आप्पांना सांगून बसले. ते ओसरीवर शेंगा फोडत होते. हातातली शेंग तशीच राहिली.

"आग?" म्हणाले. "लेकराला आग म्हणणार का बाई तुम्ही? आन एकटंच नाव?"

मला राग आला. मी म्हणाले, "आप्पा, माझी दोन गेली, त्यांना तर नावच नव्हतं. त्यांना कुणी कुठल्या यादीत बघितलं?"

त्यांनी हातातली शेंग फोडली, दाणे बाजूला टाकले. मग म्हणाले, "माझं नाव ठावं हाय का तुमाला?"

खरंच, मला माहीत नव्हतं. दारावरच्या पाटीवर नुसतं आडनाव. भाडेचिठ्ठीवरही आडनावाचीच सही.

"उकंडा," ते म्हणाले.

आमच्याकडं उकिरड्याला उकंडा म्हणतात. त्यांच्या आईची तीन लेकरं पाठोपाठ गेली. आप्पा जन्मले तेव्हा आत्यानं त्यांना सुपात घातलं आणि दारामागच्या शेणाच्या ढिगावर नेऊन ठेवलं. टाकून दिलं, म्हणजे हे आमचं नाही, ह्याच्यावर डोळा ठेवण्यासारखं काही नाही, असं जो कुणी बघत असेल त्याला दाखवायचं. शेजारच्या बाईनं उचललं आणि आईनं पसाभर कोंडा देऊन तिच्याकडून परत घेतलं. जे नाव ठेवलं ते तेच, जिथं टाकलं त्या जागेचं. पूर्वी गावोगाव असे उकंडे होते, दगडू होते, केरबा होते. आप्पांच्या रजिस्टरात त्यांनी मोजले होते. सुरुवातीच्या वर्षांत पाच-सहा उकंडे त्यांनी स्वतः निळ्या पेनानं लिहिले. नंतर एकही नाही.

"आता ह्या भागात म्या एकटाच," म्हणाले. "समदे वाचलो होतो आमी. म्हातारे होऊन गेले ते गेले, धाकट्यांनी नावं बदलून घेतली."

"मग तुम्ही लपवता कशाला?"

"लाज," आप्पा म्हणाले. "शाळंत मास्तर नाकाला रुमाल लावून हजेरी घ्यायचा. पोरं हसायची. नोकरी लागली तवा म्या आडनावच सांगाया लागलो. मग मला पोरगा झाला. म्या काय केलं, माझ्याकडची समदी रजिस्टरं काढली, दोन रात्री बसून बघितली, आन असं नाव काढलं की जे त्यात एकदाबी न्हाय. राजावानी नाव. निळ्या पेनानं लिवलं. लई आनंद झाला मला बाई. अकराव्या महिन्यात ताप आला. दोन दिवसांत गेला. गाव माझ्याकडंच होतं, दुसरा कोण लिवणार? काळ्या पेनानं म्याच लिवलं. दोन्हीकडं माझंच अक्षर हाय. जाऊन बघा."

ते नाव काय होतं, हे त्यांनी मला सांगितलं नाही, आणि विचारायची माझी छाती झाली नाही. काकू आत चुलीपाशी होत्या. त्यांना सगळं ऐकू जात होतं.

त्या दिवसापासून मी हसायची बंद झाले. पण नाव बदललं नाही. हट्ट म्हणा. शिकलेली बाई मी, डी.एड. झालेली, शाळेत अंधश्रद्धेवर पोरांकडून भाषणं पाठ करून घेते. एका म्हाताऱ्याच्या शेणाच्या ढिगाला घाबरून मी पोराचं नाव बदलू?

मुलगा झाला. रडला, श्वास घेतला, दूध प्याला, नऊ दिवस झाले, दहा झाले. बाराव्या दिवशी पाळण्यात घालताना मी त्याच्या छातीवर हात ठेवून श्वास बघितला. नणंदेनं कानात कुर्र केलं आणि इषिर म्हणाली. आप्पा बारशाला नव्हते. सकाळच्या गाडीनं तुळजापूरला गेले होते. संध्याकाळी आले, पाळण्याच्या कठड्याला भवानीचं कुंकू लावलं आणि म्हणाले, "काय रं केराच्या, बरा हायेस का?" ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला, आणि खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं.

आता माझी चूक सांगते. जन्माच्या नोंदीत मागाहून नाव घालायचा फॉर्म असतो. बाळंतपणाच्या अंगानं मी कुठं ऑफिसात खेटे घालू? आप्पा म्हणाले, "म्या करून आणतो, माझा जन्म गेलाय त्यात. तुमी खाली सही करा." मी कोऱ्या फॉर्मवर सही करून दिली. शाळेत पालकांना रोज सांगते, कोऱ्या कागदावर सही करू नका. आणि मी केली. दाखला आला का म्हणून विचारलं की कधी "नेट न्हाय", कधी "साहेब रजेवर", आणि शेवटी "आलाय, माझ्या पेटीत जपून ठिवलाय, लागंल तवा देतो." मीही मागं लागले नाही. ग्रामसेवकाच्या पेटीतला कागद बँकेतल्या सोन्यापेक्षा पक्का, असं वाटलं मला. त्या दाखल्यावर त्यांनी उकंडा लिहिलं होतं, हे मला पुढं कळलं.

बाळाला दहावा महिना सरून अकरावा लागला तशी आप्पांची झोप उडाली. पाळण्याजवळ यायचे नाहीत, पण दाराच्या चौकटीतून बघायचे. दिवसातून चारदा काकूंना पाठवायचे, अंग गरम तर नाही ना बघून ये. मला चीड यायची. अहो, चांगल्या लेकराकडं असं बघतं का कुणी? आणि चीड यायची म्हणजे काय, भीतीच वाटायची. मीच चोरून कपाळाला हात लावून बघायला लागले.

आणि वैशाखातल्या एका सकाळी कपाळ तापलेलं लागलं.

गावातल्या डॉक्टरांनी औषध दिलं, दोन तास वाट बघितली, मग चिठ्ठी लिहून म्हणाले, धाराशिवला न्या. ह्यांना उमरग्याहून यायला वेळ लागणार होता. शेजारच्यांची जीप मिळाली. आप्पा पेटीतून कागदांची पिशवी काढून न बोलावता पुढं जाऊन बसले. सगळ्या वाटेत एक शब्द बोलले नाहीत. बाहेर ऊन रटरटत होतं आणि माझ्या मांडीवर त्याच्याहून जास्त तापलेलं माझं पोर.

दवाखान्यात गर्दी. मी बाळाला घेऊन बाकड्यावर बसले. आप्पा खिडकीशी गेले, पिशवीतला दाखला काढून दिला, नाव सांगितलं, केसपेपर निघाला. मग म्हणाले, "बाई, तुमी बसा, बोलावत्यात. म्या पाणी आन बिस्किट घेऊन येतो. सकाळधरनं तुमच्या पोटात काय न्हाय." आणि गेले.

मी बसले. आतून सिस्टर आली. "उकंडा! उकंडा कोण आहे?"

मला वाटलं, दुसराच कुणी. ह्या भागात आप्पा एकटेच, असं ते म्हणायचे. मनात आलं, म्हाताऱ्याचा हिशोब चुकला, आणखी एक निघाला. माझ्यासमोर फेटा बांधलेले एक आजोबा डुलक्या घेत होते. मीच त्यांना हलवलं. "आजोबा, तुम्हाला बोलावतायत."

"मला न्हाय माय, मी तर नामदेव," ते म्हणाले.

सिस्टरनं दुसऱ्यांदा हाक मारली. बाळ डोळे अर्धे उघडून वर बघत होतं. तिसऱ्यांदा हाक मारली, जरा रागानं. मी इकडंतिकडं बघत होते की कुणाचं माणूस असं बेफिकीर, हाका मारतायत तर उठत नाही. सिस्टरनं तो पेपर खाली ठेवला आणि पुढचं नाव घेतलं. पुढचं माणूस आत गेलं. त्याच्यानंतरचंही गेलं.

तेवढ्यात माझ्या मांडीवर बाळाचं अंग ताठ झालं. डोळे पांढरे झाले. हातपाय झटके देऊ लागले, ओठाशी फेस आला. मी काय ओरडले मला आठवत नाही. समोरचे आजोबा सांगत होते म्हणे, की मी "इषिर, इषिर" असं ओरडत आत पळाले. डॉक्टरांनी पोर माझ्या हातातून ओढून घेतलं आणि पडदा ओढला. सिस्टर मला विचारत होती, "नाव काय? नाव काय पेशंटचं?" मी सांगत होते आणि ती पेपर शोधत होती आणि त्या नावाचा पेपरच नव्हता.

पडद्याबाहेर मी किती वेळ उभी होते, कुणास ठाऊक. नऊ दिवसांचं ते दुसरं लेकरू माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

डॉक्टर बाहेर आले. वयानं लहानच होते. म्हणाले, "थांबले झटके. तापामुळं येतात कधीकधी लहान पोरांना. घाबरू नका, पण दोन दिवस ठेवू." आणि मग, सिस्टरनं बाजूला ठेवलेला पेपर दाखवून, "उकंडा हे नाव पुकारलं होतं ना आधी? आला का नाही?"

तेव्हा माझी ट्यूब पेटली. वळून बघितलं तर दारात आप्पा उभे होते, हातात पाण्याची बाटली.

"आप्पा, कागदावर काय लिहिलंय तुम्ही?"

"उकंडा."

"माझ्या सहीवर?"

"व्हय."

माझा तोल गेला. माझ्या बापाच्या वयाचा माणूस, पण मी सगळ्यांसमोर बोलले. "तुम्ही मारलं असतं आज माझं लेकरू! त्या नावानं ती हाका मारत होती आणि मी दगडासारखी बसून राहिले! दोन माणसं पुढं गेली आत, आप्पा, दोन!"

मला वाटलं, पाय धरतील, नाही तर उलटून बोलतील. त्यांनी विचारलं, "किती हाका मारल्या?"

"काय?"

"किती मारल्या, बाई?"

"तीन."

"आन तुमी ओ दिली न्हाय. एकदाबी न्हाय?"

"कशी देणार? मला काय माहीत..."

आप्पा खाली फरशीवरच बसले. "बरं केलं," म्हणाले. मग माझ्याकडं न बघता, "पर पुकारलं म्हंजी नाव यादीत हाय. मला वाटलं व्हतं, हे नाव कुणी हातात धरायचं न्हाय. माझी चूक झाली. आता एका छपराखाली दोन उकंडे आन हाक तर आलीया. कुणीतरी ओ द्यायला लागंल."

त्या भर दुपारी, माणसांनी भरलेल्या त्या जागेत, मला हुडहुडी भरली.

दोन दिवसांनी आम्ही घरी आलो. पोर दुसऱ्या दिवसापासूनच हसायला लागलं होतं. हे आले होते, ते म्हणाले, खोली बदलू, ह्या म्हाताऱ्याची सावलीसुद्धा नको. मीही हो म्हणाले, सामान बांधायला घेतलं. पण त्या आठवड्यात आप्पांचं जे सुरू झालं ते बघून माझे हात थांबले.

पहिल्या हाकेला ओ न देणारा माणूस प्रत्येक हाकेला ओ द्यायला लागला. काकूंनी "अहो" म्हणायच्या आत, "ओ." भाजीवाली "ताई" म्हणाली, तर आप्पा ओसरीवरून, "ओ." रस्त्यानं कुणी कुणाला "ए गण्या" म्हणून हाक मारली, तरी आप्पा, "ओ." एसटीच्या कंडक्टरनं पॅसेंजरला हटकलं तरी आप्पांची ओ. लोक आधी हसले, मग कंटाळले, मग वाटेनं जाताना एकमेकांना हाकाच मारेनात. काकू कपाळ बडवून घ्यायच्या. आणि मी बाळाला पोटाशी धरून आत बसायचे आणि मला कळत होतं की हा माणूस काय करतोय. तो दारात बसला होता माझ्या पोराच्या आणि हाकेच्या मधी. मी त्यांना सांगायला पाहिजे होतं की आप्पा, असं काही नसतं, उठा, जेवा, झोपा. मी शिकलेली बाई. मी नाही सांगितलं. मला ते थांबायला नको होते. हे मी आजवर आमच्या ह्यांनासुद्धा बोलले नाही.

बाविसाव्या दिवशी दुपारी जेवण करून आप्पा ओसरीवर खांबाला टेकून बसले होते. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. काकू सांगतात, कुणी हाक मारलेली नव्हती, पण आप्पांनी दाराकडं बघून "ओ" म्हटलं, अगदी शांतपणानं, आणि मान खाली घातली. काकूंना तिखटमीठ लावायची सवय आहे, हे मला ठाऊक आहे. डॉक्टर म्हणाले, हार्ट. वय ऐंशीच्या पुढं. त्या वयाला हार्टनं माणसं जातातच. हे सगळं मला समजतं.

ग्रामपंचायतीतनं मृत्यूचा दाखला मीच आणला. आता सगळं कॉम्प्युटरवर असतं. छापून आलेला कागद तिथल्या ऑपरेटर पोरानं मला दिला आणि म्हणाला, "मॅडम, हे नाव बरोबर आहे का? असं नाव आम्ही कधी बघितलं नाही."

मी बरोबर आहे म्हणाले.

आता माझा मुलगा सात वर्षांचा आहे. दुसरीत जातो. मी त्याला घरात नुसतं बाळ म्हणते. इषिर म्हणायला माझी जीभ दवाखान्यातल्या त्या दिवसानंतर कधी वळली नाही. शाळेत त्याचं नाव उकंडा, कारण कागदावर तेच आहे. पोरं त्याच्या बाकाजवळ आली की नाकं धरतात. परवा तो रडत आला, शर्टावर कुणीतरी शेण लावलेलं. ह्यांचा संताप झाला. धाराशिवला जाऊन नाव बदलायचा अर्ज, राजपत्राचा फॉर्म, प्रतिज्ञापत्र, सगळं घेऊन आले, भरून माझ्यापुढं ठेवलं. "बास झालं तुझं आणि त्या म्हाताऱ्याचं," म्हणाले. "सही कर." आणि तणतणत बाहेर गेले.

मी पेन घेऊन बसले. पोर पलीकडं बसलं होतं, डोळे सुजलेले.

"आई," म्हणाला, "काकूआजी म्हणतात, ह्या नावामुळं मी वाचलो. खरंय?"

"काकूआजी काहीही सांगतात."

"मग नाव बदललं तर मी मरंन का?"

मी नाही म्हणाले. ठामपणानं म्हणाले, वर्गात म्हणते तसं. पण म्हणायच्या आधी मी थांबले. फार नसेन थांबले. दोन श्वास. पोर माझ्या तोंडाकडं बघत होतं.

त्यानं हात लांब केला, माझ्यापुढचा अर्ज हळूच ओढून घेतला आणि दप्तरात घातला.

"राहू दे आई," म्हणाला. "मला चालतंय."